हात बसला

आमच्या घरात काम शिकवायची रीत एकच होती. आधी काम करून दाखवायचं, मग चुकायची वाट बघायची, आणि चुकलं की मारायचं. बाने मला कोयता असाच शिकवला. भाताच्या रोपाची जमीन भाजतात त्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायला मला माळावर नेलं, दोन घाव स्वतः घातले, कोयता माझ्या हातात दिला आणि बैल हाकायची पराणी घेऊन मागे उभा राहिला. घाव तिरका गेला की पराणी मनगटावर. रडलो की पाठीवर. "मार खाल्ल्याबिगर हात बसत नाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या बापाने त्याला असंच शिकवलं होतं, आणि त्याच्या पाठीवरचे वळ मी आंघोळीच्या वेळी पाहिले होते, म्हणून त्याचं म्हणणं मला खोटं वाटत नसे. एक दिवस फांदी एका घावात, देठाशी साफ तुटली. बाने पराणी जमिनीवर टेकली आणि म्हणाला, "बसला हात." त्या दिवसानंतर कोयत्यासाठी त्याने मला कधी मारलं नाही. त्यामुळे लोकांना हात बसणं म्हणजे काम जमणं वाटत असेल, मला मात्र लहानपणापासून त्याचा अर्थ मार थांबणं असाच ठाऊक होता.

आयला तेवढीही सुटका नव्हती. तिचा हात सगळ्या कामांवर बसलेला होता, तरी तिचा मार चालूच राहिला. एकदा बोंबलाच्या कालवणात मीठ जास्त पडलं तर बाने ताट उचलून तिच्या तोंडावर मारलं. कपाळावरून रस्सा आणि रक्त एकत्रच ओघळत होतं, आणि आयने पहिल्यांदा काय केलं असेल तर ताट उलटं करून पोचा आलाय का ते पाहिलं. मग तिने मला परत भाकर वाढली. डोळखांबच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. गिरणी लांब, म्हणून भात बरंचसं घरीच कांडलं जायचं. माझ्या बालपणाचा आवाज कोणता म्हणाल तर मुसळाचा. आय एका हाताने मुसळ उचलायची, ते वर असेपर्यंत दुसरा हात उखळात घालून भात चाळवायची, हात बाहेर, मुसळ खाली. परत हात आत. बोलता बोलता, माझ्याकडे बघत बघतसुद्धा. मी समोर बसून श्वास धरायचो. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आता मुसळ हातावर येणार. ते कधीच आलं नाही. ही धास्ती माझ्या स्वभावात तिथूनच आली असावी. आजही लिफ्टचं दार बंद होताना मी दोन्ही हात खिशात घालतो, आणि माझी मुलगी हसते.

शाळेत भोईर सर होते. मराठी आणि भूगोल शिकवायचे, आणि टेबलावर निरगुडीचा फोक ठेवायचे. फोक बारीक, पण पोटरीवर असा बसायचा की घरी जाईपर्यंत पाय जळायचा. तरी सर आम्हाला आवडायचे, कारण ते मारल्यावर परत समजावून सांगायचे. बा तसं करत नसे. मी नववीत असताना सर तालुक्याला शहापूरला कसल्याशा शिबिराला गेले आणि येताना एक रंगीत तक्ता घेऊन आले. त्यावर नोकऱ्यांची नावं आणि शेजारी चित्रं होती. त्या शनिवारपासून शाळा सुटायच्या आधी एक तास व्यवसाय मार्गदर्शनाचा सुरू झाला. तोवर आम्हाला ठाऊक असलेले धंदे म्हणजे शेती, वीटभट्टी, वनखात्याची रोजंदारी आणि मास्तरकी. सर फोकाने तक्त्यावर टोक ठेवायचे आणि म्हणायचे, "हा टर्नर. हा वायरमन. यातलं कोण काय होणार ते आत्ता ठरवा, नायतर तुमचं तुमच्या बापासारखंच ठरलेलं हाय." ज्याला सांगता येत नसे त्याला फोक बसायचा. धनगराच्या एका मुलाने भीतीने "टर्नर नायतर सुईण" असं सांगितलं, कारण त्याला तक्त्यावरच्या नर्सचं चित्र तेवढं ओळखता आलं होतं. त्या दिवशी मारताना सरांनाही हसू आवरलं नाही.

माझं अक्षर चांगलं होतं. शाळेच्या फळ्यावरचा रोजचा सुविचार मी लिहायचो. माझी पाळी आली तेव्हा सर तक्त्याच्या खालच्या ओळीपाशी गेले. तिथे "प्रेस ऑपरेटर" लिहिलं होतं आणि शेजारची चित्राची चौकट कोरी होती. छापणारा विसरला असेल. "दत्तू, तू प्रेसमध्ये जा," सर म्हणाले. "पुस्तकं छापतात ती प्रेस. तुझ्यासारखं अक्षर तिथं लागतं." सगळ्या वर्गात कुणाला मिळाली नव्हती अशी नोकरी मला मिळाल्यासारखं वाटलं. मी घरी येऊन आयला सांगितलं. ती म्हणाली, "पुस्तकाच्या कारखान्यात हात तरी काळे व्हतील ते शाईने व्हतील. बरं हाय."

नववीला गणित आणि इंग्रजीने मला खाली ओढलं. बाने दप्तर चुलीत घातलं, आणि मी ते काढायला हात घातला म्हणून जळतं लाकूड माझ्या दंडावर ठेवलं. तो डाग अजून आहे. सरांना कळलं तेव्हा ते घरी आले नाहीत. मला बोलावून घेऊन ते सरळ किन्हवलीच्या बाजारात चालत गेले. तिथे चहाच्या टपरीवर त्यांना मुरबाडच्या कारखान्यांना माणसं पुरवणारा एक मुकादम भेटला. मुकादम म्हणाला, "प्रेसला एक पोरगं पायजे, चलाख हाताचं." सर म्हणाले, "माझ्याकडं हाय, प्रेसलाच लावायचाय. हाताला वळण हाय त्याच्या." दोघांनी एकच शब्द उच्चारला आणि दोघांनी आपापला अर्थ घेतला. मी तिथे बाकावर बसलो होतो. मीही सरांचाच अर्थ घेतला.

पहिल्या दिवशी मी धुतलेला सदरा घालून गेलो, खिशाला पेन लावून. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतली ती पत्र्याची शेड. आत शिरलो तर पायाखालची जमीन हलत होती. रांगेने लोखंडाची धुडं उभी, माणसापेक्षा उंच, प्रत्येकाच्या पुढ्यात एक स्टूल. माणूस पत्र्याची पट्टी हाताने आत ठेवायचा, पायाने दांडा दाबायचा, वरून लोखंड यायचं आणि खाली बिजागरीचं पान तयार. हात आत, हात बाहेर, ठोका. सगळी शेड एकाच वेळी कांडण करतेय असं वाटलं. पहिल्याच मशीनवर एक चाळिशीचा माणूस होता, भिकूदादा, टोकावड्याच्या बाजूचा. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच शिल्लक होतं. त्याने माझ्या पेनकडे बघितलं.

"हे कशाला?"

"लिहायला. छापायच्या आधी लागंल ना."

"काय छापायचं?"

"पुस्तकं."

भिकूदादाने मशीन बंद केलं, शेजारच्याला ओरडून सांगितलं, त्याने पुढच्याला सांगितलं, आणि शेडच्या त्या टोकापर्यंत हसू पोचलं. "ये रे छाप्या," तो म्हणाला, "हितं पत्रा छापतात. बोट आत राह्यलं तर तेबी छापतात." तेव्हापासून माझं नाव छाप्या. पेन त्यानेच माझ्या खिशातून काढून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. वाकताना पडलं तर उचलायला हात जाईल, म्हणाला.

मी पळून का आलो नाही, हे मला पुढे पुष्कळांनी विचारलं. पगार घरी जायला लागल्यापासून आयचं कपाळ फुटलेलं मी पाहिलं नव्हतं, हे एक. दुसरं म्हणजे सर. मधल्या वारी सुट्टी मिळून शाळेवरून गेलो की ते वर्गातून बाहेर यायचे आणि पोरांना ऐकू जाईल असं विचारायचे, "काय दत्तू, प्रेस बरी चाललीय ना?" मी म्हणायचो, "बरी चाललीय सर." माझ्या आयुष्यात माझ्यासाठी बाजारापर्यंत चालत गेलेला तो एकच माणूस. त्याला मी काय सांगणार होतो?

उखळापाशी श्वास धरून काढलेली वर्षं मात्र कामी आली. ठोक्याच्या मधली जागा मला आपोआप कळायची. थोड्याच दिवसांत माझी पट्टी भिकूदादाच्या बरोबरीने पडायला लागली. एका दुपारी जेवणाची सुट्टी होताना मी आनंदाने त्याला म्हणालो, "दादा, आता माझा हात बसला."

त्याने मला कानाखाली मारली. साधी नाही. मी स्टुलावरून खाली कोसळलो, ओठ दातात सापडला आणि तोंडात रक्ताची चव आली. शेडमध्ये कुणी हसलं नाही. भिकूदादाने मला सदऱ्याला धरून उभं केलं आणि मशीनच्या उघड्या जबड्याकडे बोट दाखवलं. बोट म्हणजे करंगळी. "हितं हात बसला म्हनजे हात बसला. लोखंडाखाली. कळलं? हा शब्द परत तोंडातून काढलास तर दुसरा कान फोडीन. आनि दुसऱ्या कुनी काढला तर पयला हात बाहेर काढायचा, मंग मागं बघायचं." त्या दुपारी त्याने मला ते करायलाच लावलं. मी काम करायचो, तो मागून अचानक म्हणायचा, "बसला," आणि मी हात मागे घेतला नाही की पाठीत बुक्की. बाच्या शाळेतून सुटून मी परत त्याच शाळेत आलो होतो, फक्त धडा उलटा होता.

त्याच महिन्यात शेवटच्या मशीनवरच्या बिहारी माणसाचा हात गेला. आवाज नेहमीच्या ठोक्यासारखाच आला. मग तो ओरडला. सुपरवायझरने मुख्य बटण बंद केलं, चाक उलटं फिरवून हात मोकळा केला, गोणपाटात गुंडाळला आणि त्याला टेम्पोत घातलं. मशीनखाली लाकडाचा भुसा टाकला गेला. भुसा लाल व्हायला वेळ लागला नाही, मग आणखी टाकला. संध्याकाळची पाळी त्याच मशीनवर बसली. मी माझ्या डब्यातली भाकर त्या दिवशी खाल्ली, हे लिहायला हवं. भूक लागली होती.

पुढे माझंच मशीन बिघडलं. पाय एकदा मारला की ठोका एक पडायला हवा, तो मधूनच दोनदा पडायचा. आमच्यात म्हणायचे, मशीन डबल मारतंय. भिकूदादाने सुपरवायझरला सांगितलं, मी सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, "एवढी ऑर्डर जाऊ दे, मग बघू. तू चलाख आहेस ना?" रविवारी घरी गेलो. आय कांडत होती. मी सहज सांगितल्यासारखं सांगितलं. तिने मुसळ उखळात टेकवून धरलं.

"एकदा तू मारतोस, बरं. मंग दुसरं कोन मारतं रे?"

"कोन नाय. मशीनच मारतं."

"हे मुसळ माझ्या हातात हाय म्हनून माझा दुसरा हात वाचतो," ती म्हणाली. "तू कोनाच्या भरवशावर हात घालतोस?"

सोमवारी मी परत त्याच स्टुलावर बसलो. ऑर्डर संपेपर्यंत हात राहील का, एवढा एकच विचार डोक्यात होता. आणि त्याच आठवड्यात भोईर सर दहावीचा वर्ग घेऊन कारखाना बघायला आले. क्षेत्रभेट. माझ्यासोबत नववीपर्यंत बसलेली सगळी पोरं, भांग पाडून, रांगेत. सर पुढे, हातात फोक. एसटीत त्यांनी पोरांना सांगितलं होतं की आपल्याच शाळेच्या मुलाची प्रेस बघायला जातोय, पुस्तक कसं होतं ते बघा.

दारातून आत येताच सरांचा चेहरा बदलला ते मी पाहिलं. त्यांनी कानांवर हात ठेवले नाहीत, पण डोळे बारीक केले. माझ्यापाशी आले. वाकून, जवळजवळ कानात, विचारलं, "पुस्तकं कुठं छापतात?"

"हीच प्रेस, सर."

त्यांनी मागे वळून पोरांच्या रांगेकडे बघितलं. तेवढ्यात सुपरवायझर आला, पाहुण्यांसमोर गोड झाला. "तुमचा मुलगा आमचा हिरा आहे, मास्तर. छाप्या, दाखव स्पीड." भिकूदादा म्हणाला, "सायेब, ते मशीन डबल मारतंय, दुसऱ्यावर दाखवू." सुपरवायझरने त्याच्याकडे बघितलंही नाही. मी पट्टी उचलली. हात आत, बाहेर, ठोका. हात आत, बाहेर, ठोका. पोरं बघत होती. मला लाज वाटत होती आणि, खरं लिहितो, थोडी ऐटही. सरांना काहीतरी चांगलं बोलायचंच होतं. मास्तर माणूस, शाबासकी दिल्याशिवाय कसं राहणार? माझा हात आत पट्टी बसवत होता तेव्हा ते मागून म्हणाले, "वा. हात बसला की रे तुझा."

माझा हात माझ्या आधी बाहेर आला. पट्टी आत तशीच, वाकडी. आणि माझा पाय दांड्यावर नसताना, सगळ्यांच्या देखत, ते लोखंड खाली आलं. मघाच्या ठोक्याचा राहिलेला दुसरा ठोका. पट्टी दुमडून तिचा तुकडा उडाला आणि पुढच्या रांगेतल्या एका पोराच्या गालाला चाटून गेला. रक्त आलं. भिकूदादाने येऊन बटण बंद केलं आणि आपला उरलेला हात सरांच्या तोंडासमोर धरला. "मास्तर, हितं असं बोलत नसतात. बसलेला हात असा असतो."

सर त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी माझी मानगूट धरली आणि मला स्टुलावरून ओढलं. सुपरवायझर आडवा आला, "शिफ्ट चालू आहे, मुलगा सोडा," तर सरांनी फोक त्याच्या तोंडावर ओढला. वॉचमनने सरांना धक्का दिला, सर मशीनच्या पायावर आपटले, चष्मा फुटला. भिकूदादाने वॉचमनला मागून मिठी मारून धरलं नसतं तर आणखी काय झालं असतं सांगता येत नाही. सर उठले. कपाळातून रक्त डोळ्यात येत होतं. त्यांनी मला फाटकाबाहेर काढलं आणि मारायला सुरुवात केली. फोक पाठीवर, पोटरीवर, जिथे लागेल तिथे. सगळा वर्ग मागून चालत होता. "तोंड नव्हतं तुला? बरी चाललीय, बरी चाललीय. सांगायला काय झालं होतं?"

एसटीच्या थांब्यापर्यंत मी मार खाल्ला. मग म्हणालो, "तुमीच लावलं होतं ना, सर."

फोक वर होता तो खाली आला नाही. सर बाजूच्या दगडावर बसले आणि रुमाल शोधायला लागले. तो त्यांच्या हातातच होता. मारणं वाईट, यात मला आज शंका नाही. मी माझ्या मुलांवर कधी हात उचलला नाही. पण भिकूदादाच्या त्या थपडेशिवाय आणि सरांच्या त्या चुकीच्या शाबासकीशिवाय हे प्रकरण मला या हाताने लिहिता आलं नसतं, आणि हा हिशेब मला अजून कुठल्याच बाजूला नीट मांडता येत नाही.

सर मला घरापर्यंत सोडायला आले. नोकरी सोडली हे ऐकताच बा पराणी घेऊन उठला. आय उखळापाशी होती. मुसळ घेऊन ती आमच्या मधे उभी राहिली, उगारलं नाही, नुसतं धरलं. "पोराचे हात शाबूत आलेत," ती म्हणाली. "आता तू हात लावू नको." बाने सरांच्या कपाळाकडे बघितलं, मुसळाकडे बघितलं आणि तो बाहेर निघून गेला.

महिन्याभराने सर परत आले. त्यांच्या मेहुण्यांचा इंदूरला छापखाना होता, खरा, पुस्तकांचा आणि लग्नपत्रिकांचा. या वेळी ते आधी स्वतः इंदूरला जाऊन आले होते. आयसमोर बसून, आमची नाचणीची भाकर खात त्यांनी सांगितलं, "मशीन बघून आलो. त्याला पण जबडा हाय. पण ते पायाने चालतं, आणि पाय थांबला की चाक थांबतं. समोर उभं राहून बघितलं. दुसरा ठोका नाय." आयने त्यांना आणखी एक भाकर वाढली.

इंदुरात मी त्या मशीनकडे फार दिवस नुसता बघत होतो. जबडा उघडायचा, कागद ठेवायचा, जबडा मिटायचा. ठेवणारा उस्ताद मुसलमान होता, पान खाणारा, मला बेटा म्हणायचा. पावसाळा संपता संपता त्याने मला मशीनपाशी उभं केलं. पाय त्याचा, कागद मी ठेवायचा. एक गठ्ठा संपला, दुसरा लागला. उस्ताद खूश होऊन म्हणाला, "ले, तेरा तो हाथ बैठ गया."

कागद खाली पडले. मी दोन्ही हात पाठीमागे धरून भिंतीला टेकून उभा होतो. उस्तादाने पाय उचलला. चाक हळू झालं, आणखी हळू झालं, आणि जबडा उघडा असताना थांबलं. तो दोन पावलं मागे सरकला, दोन्ही पाय जमिनीवर मला दिसतील असे ठेवून उभा राहिला.

"देख ले," तो म्हणाला.

मी पुढे गेलो, उघड्या जबड्यात उजवा हात घातला, आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.